बारा मिनिटांत खाजन: एका सादरीकरणाच्या प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२५

चर्चासत्राचे पत्र आले. १२ डिसेंबर, पणजी, जेवणानंतरचे पहिले सत्र. बोलायला बारा मिनिटे, प्रश्नांना तीन. या वहीत फक्त सादरीकरणाच्या कामाच्या नोंदी राहतील. क्षारतेचे आकडे मापनवहीत आहेत, ते इथे उतरवायचे नाहीत.

काम थोडक्यात असे: दोन खाजने (भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून बांधाने राखलेल्या सखल शेतजमिनी), एकाची मानस (बांधातले पाण्याचे दार) धड, दुसऱ्याची गळकी. मेअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत दोन्हींतल्या मातीतले मीठ कसे उतरत गेले ते पाहिले. प्रबंधात हा एका अख्ख्या प्रकरणाचा ऐवज आहे. बारा मिनिटांत ते प्रकरण मावणार नाही, आणि ते मावावे अशी कोणाची अपेक्षाही नाही.

पत्रात श्रोते ‘संशोधक, कृषी अधिकारी व शेतकरी’ असे लिहिले आहेत. अडचण इथेच आहे. मृदाशास्त्राच्या माणसाला मानस म्हणजे काय ते सांगावे लागेल, शेतकऱ्याला विद्युतवाहकता (जिच्यावरून मातीतले मीठ मोजतात) म्हणजे काय ते. दोन्ही समजावण्या मिळून दोन मिनिटांच्या आत बसल्या पाहिजेत. बांद (बांध), मानस, पोंय (मानशीजवळचे तळे), कोरगुट (खारे सोसणारे भात) हे शब्द आहेत तसेच ठेवायचे. त्यांना जडजंबाळ पर्याय शोधले तर शेतकरी पहिल्याच मिनिटाला तुटतो, आणि इतरांचाही काही फायदा होत नाही.

स्लाइडचे सॉफ्टवेअर आज उघडायचे नाही असे ठरले. आधी एक वाक्य लिहायचे: ऐकणारा घरी जाताना काय घेऊन जाईल? पहिला प्रयत्न, ‘गोव्यातील खाजन जमिनींच्या क्षारतेचा अभ्यास’. हे वाक्यच नव्हे, फाइलीवर चिकटवायची पट्टी आहे. क्रियापद नाही, म्हणजे दावा नाही. दुसरा प्रयत्न, ‘मानस गळकी असेल तर पावसानंतर माती गोडी व्हायला उशीर होतो’. तूर्त हेच.

१२ नोव्हेंबर

पाठकोऱ्या कागदांचे चार-चार तुकडे केले. एका तुकड्यावर एक स्लाइड, आणि वर तिचे शीर्षक पूर्ण वाक्यात. ‘निष्कर्ष’, ‘पद्धती’, ‘प्रस्तावना’ असली शीर्षके चालणार नाहीत. ‘जुलैच्या मध्यापर्यंत धड मानशीच्या आतली माती निवळली’ हे शीर्षक चालेल. तपासायची रीत सोपी आहे: फक्त शीर्षके ओळीने मोठ्याने वाचायची. युक्तिवाद समजला तर क्रम बरोबर, मध्ये ठेच लागली तर तिथे एक तर तुकडा कमी आहे किंवा एक जास्त आहे.

१९ तुकडे झाले, ठेवायचे ११. मागील संशोधनाचा आढावा गेला, त्यातले एक वाक्य दुसऱ्या स्लाइडवर राहिले. तालुकावार नकाशा गेला. सर्वांत जास्त वाद झाला तो इतिहासाच्या तीन तुकड्यांवर: गावकारी (गावाची सामाईक जमीन-व्यवस्था), पोर्तुगीज अमदानी, १९६१ चा कोमुनिदाद (गावकारीचेच पोर्तुगीज नाव) कायदा, मग कुळांच्या संघटनांकडे आलेली बांदांची देखभाल. माहिती उत्तम आहे आणि आमच्या दाव्याला तिची गरज नाही. शिवाय गोव्यात कोमुनिदादचे नाव पडद्यावर आले की पहिला प्रश्न त्याच्यावरच येणार, आणि प्रश्नांची तीन मिनिटे त्यातच संपणार. तिन्ही तुकडे काढले, त्यांतला एक राखीव स्लाइड म्हणून शेवटी ठेवला.

वेळेची वाटणी: प्रश्न काय आहे, दीड मिनिट. मानस कशी चालते, दीड. नमुने कसे घेतले, दीड. निकाल, पाच. मर्यादा, एक. समारोप, एक. अर्धे मिनिट मोकळे. हे अर्धे मिनिट कोणालाही द्यायचे नाही. ते माइक चालू होण्यात आणि खोकल्यात जाते.

१४ नोव्हेंबर

सभागृहाची मापे फोनवर मिळाली. पडदा २.४ मीटर रुंद, शेवटची रांग पडद्यापासून १२ मीटरवर. म्हणजे शेवटचा माणूस पडद्याच्या रुंदीच्या पाचपट अंतरावर बसणार. आपल्या लॅपटॉपचा पडदा ३४ सेंटिमीटर रुंद आहे, त्याची पाचपट १.७ मीटर. जमिनीवर १.७ मीटरवर चिकटपट्टी लावली. यापुढे प्रत्येक स्लाइड तिथे उभे राहून वाचायची. खुर्चीत बसून जे वाचता येते त्याचा काही उपयोग नाही.

अक्षरांचे आकारही त्यावरूनच ठरले. १३.३३ इंच रुंदीची स्लाइड २.४ मीटरवर ताणली की सुमारे सातपट मोठी होते, म्हणजे २८ पॉइंटच्या अक्षराला पडद्यावर साधारण सात सेंटिमीटर उंची मिळते. मात्र या सात सेंटिमीटरांत वरची वेलांटी, खालचा उकार आणि ओळीची मोकळी जागाही आली. त्यामुळे देवनागरी अक्षराचा गाभा त्याच पॉइंटच्या रोमन अक्षरापेक्षा लहान दिसतो. इंग्रजी स्लाइडांसाठी सांगितलेले ‘किमान २४’ आपल्याला पुरत नाही. शीर्षक ३६, मजकूर २८, अक्षांवरची नावे २२. ओळींमधले अंतर १.२ पट, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो.

१७ नोव्हेंबर

आकृत्यांचा दिवस. प्रबंधातली मुख्य आकृती जशीच्या तशी उचलली होती: सहा रेषा, दोन उभे अक्ष, खाली आठ ओळींचा मथळा. कागदावर वाचक तिच्यावर पाच मिनिटे घालवू शकतो, पडद्यावर तिला चाळीस सेकंद मिळतात. तिचे तीन तुकडे केले. पहिल्या स्लाइडवर रिकामे अक्ष आणि फक्त धड मानशीची रेषा. दुसरीवर तेच अक्ष, त्याच जागी, गळक्या मानशीची रेषा जोडलेली. तिसरीवर दोन रेषांमधले आडवे अंतर दाखवणारा बाण. अक्ष तसूभरही हलता कामा नये, तरच डोळा फरक टिपतो. आकृती दर वेळी नव्याने न चिकटवता स्लाइडची प्रत काढून तिच्यात भर घातली, म्हणजे जागा आपोआप तीच राहते.

रंगांच्या खुणांची चौकट काढून टाकली. प्रत्येक रेषेच्या टोकाशी तिचे नाव त्याच रंगात लिहिले. चौकट असली की नजर रेषेवरून चौकटीकडे, चौकटीवरून रेषेकडे फिरत राहते आणि तेवढा वेळ कान बंद असतात.

लाल-हिरवी जोडी बाद. हे दोन रंग वेगळे न दिसणारे लोक, विशेषतः पुरुष, प्रत्येक मोठ्या सभेत असतातच. निळा आणि नारिंगी घेतला, शिवाय एक रेषा सलग आणि एक तुटक. छापील प्रत काळी-पांढरी निघाली तरी भेद राहतो.

आकृत्या काढायच्या मॅटप्लॉटलिब या साधनाने दिवसाचा मोठा भाग खाल्ला. अक्षाचे नाव मराठीत दिले की जोडाक्षरे फुटतात: ‘क्षारता’ मधला क्ष सुटा होतो, ‘स्थिती’ मधली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. दोष फॉन्टचा नाही. आमच्या आवृत्तीत ते साधन देवनागरीची अक्षरजोडणी करतच नाही, अक्षरे फक्त एकापुढे एक मांडते. फॉन्ट बदलत बसण्यात दोन तास गेल्यावर हे ध्यानात आले. उपाय: आकृती नावांशिवाय बाहेर काढायची, आणि नावे स्लाइडवर मजकुराच्या चौकटीत टाकायची.

अक्षांवरचे आकडे मात्र इंग्रजीच ठेवले. शुद्धतेच्या आग्रहाने आधी देवनागरी केले होते, पण १.७ मीटरवरून १ आणि ९ यांत गफलत झाली. लेखात देवनागरी आकडे शोभतात. दुरून, विरळ, एकट्याने वाचायच्या आकड्याला ते त्रास देतात.

रेषांची जाडी किमान २.२५ पॉइंट. जुना प्रोजेक्टर १०२४ × ७६८ चा निघाला तर १६:९ च्या स्लाइडला उंचीत ५७६ बिंदूच मिळतात, म्हणजे एक पॉइंटची रेषा जेमतेम एक बिंदू जाड. मागची फिकट जाळी अशा वेळी कुठे दिसते, कुठे गायब होते. ती जाळीच काढली.

१८ नोव्हेंबर

मानशीचे चलचित्र करायचे नाही. पीडीएफ केली की हालचाल मरते. त्याऐवजी दोन स्थिर चित्रे. भरती: बाहेरचे पाणी चढले, दाबाने दार मिटले. ओहोटी: बाहेरचे पाणी उतरले, आतल्या पाण्याने दार ढकलले आणि ते नदीकडे निघाले. एकामागून एक दाखवली की चलचित्राइतकेच कळते. फोटोही घेतला नाही. फोटोत चिखल आणि झाडी जास्त, दार कमी.

२० नोव्हेंबर

आजपासून पणजीत इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव), २८ पर्यंत. सभागृह बघायला जाणे पुढे ढकलले.

फॉन्ट मुक्त, दोन्ही यंत्रांवर तोच. फाइलीत फॉन्ट रुजवून ठेवण्याचा पर्याय सेव्हच्या सेटिंगमध्ये असतो, तो चालू केला. कसोटीसाठी एक स्लाइड केली आणि दुसऱ्या यंत्रावर उघडली. तिच्यावर फक्त हे शब्द: वाऱ्याने, ॲसिड, ऑक्टोबर, ळ, क्ष, ज्ञ, श्र. जुन्या यंत्रावर ॲ च्या जागी रिकामी चौकट येते आणि ‘ऱ्या’ चा ‘र्‍या’ किंवा भलतेच काही होते. ही सात अक्षरे नीट दिसली की बाकीचे बहुधा नीट दिसते.

एका जुन्या नकाशावरची नावे युनिकोड नसलेल्या फॉन्टात टंकलेली निघाली. आपल्या यंत्रावर ठीक, दुसऱ्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. तो नकाशा चित्र म्हणून जतन केला.

२४ नोव्हेंबर

पहिली तालीम. १७ मिनिटे २० सेकंद. पाच मिनिटे वीस सेकंद जास्त.

कुठे गेली ते स्लाइडगणिक घड्याळ लावून पाहिले. नमुने घेण्याची पद्धत, ठरली होती दीड मिनिट, लागली चार. खोली, अंतर, पिशव्या, सुकवणे, चाळणी, मिसळणे, गाळणे, सगळे क्रमाने सांगितले गेले. केलेल्या कष्टांची यादी वाचण्याचा मोह सर्वांनाच होतो. श्रोत्याला पद्धतीतले तेवढेच लागते ज्यावरून निकालावर विश्वास ठेवायचा की नाही हे तो ठरवतो: कुठे, किती खोलीवरून, किती दिवसांनी, कशाने मोजले. चार उत्तरे, एक चित्र.

दुसरी गळती जोडवाक्यांची. ‘तर आता आपण पुढच्या स्लाइडवर पाहूया की’ अकरा वेळा. तेवढ्याचेच मिनिटभर होते. आता प्रत्येक स्लाइडचे पहिले वाक्य म्हणजे तिचे शीर्षकच, कळ दाबायच्या *आधी* बोलायचे. वाक्य कानावर पडते आणि पुरावा पडद्यावर येतो.

पाठांतराबद्दल ठरले ते असे: पहिली दोन वाक्ये आणि शेवटची दोन वाक्ये अक्षरशः पाठ. मधले पाठ करायचे नाही, शीर्षकांवरून बोलायचे. सगळे पाठ केलेला माणूस एक शब्द विसरला की उभाच राहतो. आणि काही न पाठ केलेला माणूस शेवटी ‘बस, एवढंच’ म्हणून खाली बसतो.

२६ नोव्हेंबर

आजची नोंद लांबणार, कारण आज दोन चुका सापडल्या आणि दोन्ही स्लाइडच्या सजावटीच्या नव्हत्या.

पहिली. निकालाच्या आकृतीवर भाताच्या सहनशीलतेची आडवी रेषा काढली होती, ३ डेसीसीमेन्स प्रति मीटरवर (विद्युतवाहकतेचे एकक). ही मर्यादा मास-हॉफमन या संशोधकांच्या १९७७ च्या तक्त्यातली: भाताला ३ पर्यंत बाध येत नाही, पुढे दर एककाला उत्पादन साधारण १२ टक्क्यांनी घटते. पण तो आकडा संपृक्त (पाण्याने पुरेपूर भरलेल्या) मातीच्या लगद्यातून काढलेल्या अर्काचा आहे. आमची मापने एक भाग माती, दोन भाग पाणी अशा मिश्रणावरची. पाणी जास्त, म्हणून मीठ पातळ, म्हणून आकडा लहान. दोन वेगळ्या मोजपट्ट्या एकाच अक्षावर ठेवल्या होत्या, आणि त्यामुळे आमची माती होती त्यापेक्षा चांगली दिसत होती.

गुणकाने रूपांतर करावे तर सगळ्या मातींना चालेल असा एकच गुणक नसतो. वाळूच्या मातीचा लगदा थोड्या पाण्यात होतो, म्हणून तिचा गुणक मोठा. चिकणमाती पुष्कळ पाणी पिते, तिचा लहान. खाजनात एकाच बांदाच्या आत दोन्ही तऱ्हा भेटतात. शिवाय ती मर्यादा सर्वसाधारण भाताची आहे, आणि आमच्या शेतात उभे होते खारे सोसणारे कोरगुट. रेषा काढून टाकली. उभ्या अक्षाचे नाव बदलून ‘विद्युतवाहकता, १:२ मिश्रण, २५ अंश सेल्सिअसला’ असे पूर्ण लिहिले. तापमान लिहिणे हा सोवळेपणा नव्हे. अंशामागे सुमारे दोन टक्के फरक पडतो, आणि मेमधली माती व ऑगस्टमधली माती एका तापमानाला मोजलेली नसते.

दुसरी चूक मुख्य वाक्यातच होती. ‘मानस गळकी असेल तर उशीर होतो’ असे म्हणायला किती मानशी पाहिल्या? धड एक, गळकी एक. एकेका खाजनातून नमुने कितीही घेतले तरी खाजने दोनच राहतात. एकाच वाफ्यातले पाच नमुने म्हणजे पाच प्रयोग नव्हेत, एकाच प्रयोगाकडे पाच वेळा पाहणे आहे. दोन खाजनांत मानशीखेरीज मातीचा पोत वेगळा असेल, नदीच्या मुखापासूनचे अंतर वेगळे असेल, पोंयीची खोली वेगळी असेल. हे प्रबंधात मर्यादांच्या परिच्छेदात नीट लिहिले आहे. स्लाइडवर येता येता गळून पडले, कारण लहान वाक्य दिसायला देखणे असते.

नवे वाक्य: ‘आम्ही पाहिलेल्या दोन खाजनांत, गळक्या मानशीच्या आतली माती पावसानंतर उशिरा निवळली.’ कारण सुचवणारे ‘असेल तर’ गेले. दावा लहान झाला, पण आता तो ढकलला तर पडत नाही. शीर्षकांतली तीन ‘मुळे’ आणि दोन ‘सिद्ध होते’ शोधून काढली.

आकृतीवरच्या उभ्या दांड्यांखालीही काही लिहिलेले नव्हते. दांडी प्रमाण विचलनाची (नमुन्यांतला फरक) की प्रमाण त्रुटीची (सरासरीची अनिश्चितता)? दुसरी नेहमी लहान, म्हणून देखणी. आमची पहिली होती, तसे लिहिले.

१ डिसेंबर

प्रश्नांची वही. तिघांनी वेगवेगळे बसून प्रश्न लिहिले, मग एकत्र केले, २३ झाले. प्रत्येकाला एक वाक्याचे उत्तर आणि लागल्यास राखीव स्लाइडचा क्रमांक. राखीव स्लाइडा पाच, समारोपानंतर १२ ते १६. क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरांत. सादरीकरण चालू असताना क्रमांक टाइप करून एंटर दाबले की ती स्लाइड थेट उघडते. मागे-पुढे चाळत बसण्याची गरज नाही.

उत्तरांचा साचा ठरला: प्रश्न परत उच्चारायचा, आधी एक वाक्याचे उत्तर द्यायचे, कारण मागाहून. प्रश्न परत उच्चारणे गोव्यात विशेष गरजेचे आहे. तो कोकणीत येईल, इंग्रजीत येईल, मराठीत येईल, आणि सभेतल्या प्रत्येकाला तिन्ही येत असतीलच असे नाही. परत उच्चारताना आपोआप उल्था होतो आणि विचाराला दहा सेकंद मिळतात. ‘हे आम्ही मोजलेले नाही’ हेही पूर्ण उत्तर आहे. त्याच्यापुढे ‘पण आमच्या मते’ जोडले की ते बिघडते.

४ डिसेंबर

काल ओल्ड गोव्याचे फेस्त (चर्चचा उत्सव), सुट्टी, छपाईचे दुकान बंद. आज प्रती दिल्या.

दुसरी तालीम १२ मिनिटे ५० सेकंद. तिसरी ११ मिनिटे ४०. थांबायच्या खुणा कागदावर लिहिल्या: चौथी स्लाइड सुरू होताना घड्याळात ३:०० पेक्षा जास्त नको, मुख्य आकृतीला ५:००, मर्यादांना १०:००. मोबाइलचे घड्याळ उलटे न लावता सुलटे. उलटे मोजणारे घड्याळ बघून माणूस घाईला येतो.

५ डिसेंबर

आखूड आवृत्ती. आधीचे वक्ते वेळ खाणार हे गृहीत धरायचे. बारा मिनिटांची दहा झाली तर पाचवी स्लाइड वगळायची आणि सहावीनंतर थेट आठवीवर. आठ झाली तर पद्धतीची स्लाइड फक्त दाखवून दोन वाक्ये. मर्यादांची स्लाइड कोणत्याही परिस्थितीत वगळायची नाही. घाईत पहिली तीच जाते, आणि ती गेली की २६ तारखेचे सगळे काम फुकट.

९ डिसेंबर

काल पणजीच्या चर्चचे फेस्त होते, गाडी लावायला जागा नसती. आज सभागृह पाहिले.

प्रोजेक्टर जुना, ४:३ चाच. स्लाइडच्या वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, येऊ देत. ऐनवेळी स्लाइडचा आकार बदलला की आकृत्या एक तर ताणल्या जातात किंवा नावांच्या चौकटी रेषांवरून सरकतात. जोडणीला फक्त व्हीजीए, आमच्या लॅपटॉपला एचडीएमआय आणि यूएसबी-सी. जोडतुकडा आपला आपण नेणार.

खिडक्या पश्चिमेला, पडदे विटके. दुपारी अडीचला पडद्यावर ऊन नाही पण उजेड पुष्कळ. गडद पार्श्वभूमीच्या स्लाइडा इथे धुऊन निघतात. आपली पांढरी आहे ते बरे. फिकट राखाडी मजकूर दोन ठिकाणी होता, काळा केला. बाजूला एक मोठा एलईडी पडदाही लावला आहे, त्याच्यावर लेझरचा ठिपका नीट उठत नाही. म्हणून जिथे बोट दाखवायचे तिथे स्लाइडमध्येच बाण घातले.

माइक हातातला. तोंडापासून मुठीएवढ्या अंतरावर. डोके पडद्याकडे वळले की आवाज जातो, म्हणून माइक हनुवटीबरोबर फिरला पाहिजे. पंखे पूर्ण वेगात असताना शेवटच्या रांगेत आवाज कमी पडतो, मधला वेग ठेवायला सांगितले.

११ डिसेंबर

पिशवी: लॅपटॉप, चार्जर, विस्तार-वायर, व्हीजीएचे दोन जोडतुकडे, पेनड्राइव्ह दोन. प्रत्येकावर मूळ फाइल आणि पीडीएफ, नावाच्या सुरुवातीला सत्राचा क्रमांक. ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘खरी फायनल’ अशी नावे असलेल्या जुन्या फाइली दोन्ही पेनड्राइव्हवरून पुसल्या. शीर्षकांचा एक छापील कागद: वीज गेली आणि जनरेटर लागायला वेळ लागला तर तेवढ्यावर बोलता येते.

लॅपटॉपचे अपडेट, सूचना आणि स्क्रीनसेव्हर बंद. आज काहीही नवे जोडायचे नाही.

१२ डिसेंबर

दुपारी दीडला पोचलो. जेवणाच्या सुट्टीत जोडून पाहिले. विंडोज आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडले, तरच वक्त्याला टिपणांचा पडदा वेगळा मिळतो. ‘डुप्लिकेट’ असेल तर सभेसमोर टिपणे उघडी पडू शकतात.

सत्र पंचवीस मिनिटे उशिरा. अध्यक्षांनी प्रत्येकाला दहा मिनिटे दिली. आखूड आवृत्ती वापरली, ९ मिनिटे ४५. पोटात हुमण-शीत (माशांची आमटी-भात) घेऊन बसलेली सभा मानशीच्या दोन चित्रांपाशी जागी झाली. मुख्य आकृतीच्या आधी बी दाबून पडदा काळा केला, तीन वाक्ये बोलून मग आकृती दाखवली. सगळ्यांच्या नजरा आधी वक्त्यावर, मग आकृतीवर गेल्या. हे पुढेही करायचे. एक चूक: सहावीवरून आठवीवर जाताना ‘ही आपण सोडून देऊ’ असे बोलले गेले. न बोलता गेले असते तर कोणाला कळलेही नसते.

प्रश्न तीन. पहिला १:२ मिश्रणाबद्दल, राखीव १३ उघडली, अर्ध्या मिनिटात संपला. दुसरा दोनच खाजने का, उत्तर मर्यादांच्या स्लाइडवर होतेच. तिसरा मागच्या रांगेतल्या एका शेतकऱ्याचा: ‘दार गळटालें, काय नुस्त्याखातीर उक्तें दवरताले?’ सादरकर्तीने तो मराठीत परत उच्चारला: दार खरोखर गळके होते, की मासळी आत यावी म्हणून कोणी ते उघडे ठेवत होते? सभेत थोडी हालचाल झाली. ज्यांना मासळी की शेती या भांडणाची माहिती होती ते सगळे आता पुढे वाकून ऐकत होते.

आमच्या २३ प्रश्नांत हा नव्हता. उत्तर दिले: फळ्यांच्या फटी आम्ही पाहिल्या आहेत, पण दार किती वेळ उघडे होते याची नोंद ठेवलेली नाही, त्यामुळे दोन्ही शक्यता आहेत. खाली बसल्यावर मापनवही पाहिली. नोंद खरेच नव्हती.

१५ डिसेंबर

मर्यादांच्या स्लाइडवर ओळ घातली: ‘मानशीचे दार उघडे राहण्याचा कालावधी नोंदलेला नाही.’ तीच ओळ प्रबंधाच्या मर्यादांतही गेली. शीर्षकांतला ‘गळकी मानस’ हा शब्द ‘खारे पाणी आत येऊ देणारी मानस’ असा बदलायचा का, यावर एकमत नाही. शब्द लांब आहे, पण खरा तोच आहे.

पुढच्या हंगामासाठी मापनवहीत नवा रकाना: नमुना घेण्याच्या दिवशी आणि उधाणाच्या दिवशी दाराची स्थिती, भरतीला व ओहोटीला वेगवेगळी, सोबत आतल्या व बाहेरच्या पाण्याची उंची रंगवलेल्या काठीवर. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव घेणाऱ्याशी आणि गावातल्या जुन्या बांदकऱ्यांशी जानेवारीत बोलायचे. प्रश्नांच्या वहीत २४ वा प्रश्न लिहिला, उत्तराची जागा तूर्त कोरी.